मेलेल्या कलमाची भीती

गेल्या बुधवारी रात्री साडेनऊला आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर शेजारच्या वहिनींनी आठ ओळींचा मेसेज टाकला. मुलीच्या क्लासची १८ हजार फी भरली, दोन महिन्यांत बॅच बंद पडली, पैसे मागायला गेलं की "सोमवारी या." खाली पावतीचा फोटो. पर्समध्ये राहून राहून घडीवर फाटायला आलेली, पण शिक्का आणि सही स्पष्ट. वहिनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावतात, नगावर पैसे. १८ हजारांसाठी किती कॉलर लावाव्या लागतात ते त्यांना तोंडपाठ आहे.

सव्वादहाला मेसेज गायब. आमच्या ॲडमिन काकांना क्लासवाल्यांचा फोन गेला होता. "पोस्ट काढा, नाहीतर आयटी ॲक्टचं ६६ अ लावतो. त्या बाईंवर पण आणि ॲडमिन म्हणून तुमच्यावर पण." काकांनी मेसेज काढला आणि ग्रुपवर फक्त ॲडमिननीच लिहायचं असं करून टाकलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, मी पेन्शनर माणूस. या वयात पोलीस स्टेशनची पायरी कुठं चढू?" मला काकांचा राग नाही आला. राग आला तो कलमाचं नाव घेऊन म्हाताऱ्या माणसाला घाबरवणाऱ्याचा.

कारण ते कलम मेलेलं आहे. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. इंटरनेटवरून किंवा मोबाईलवरून पाठवलेला मजकूर 'त्रासदायक', 'गैरसोय करणारा' ठरला, तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता त्रास कुणाला कशाचा होईल याला काही माप आहे का? २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो लाईक केला, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल ही दिल्लीची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल तिच्या नावाने ओळखला जातो. पण कलम रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. पोलीस ठाण्यांपर्यंत जे पोचायला एवढी वर्षं लागली, ते आमच्या काकांपर्यंत कसं पोचणार?

ॲडमिनचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्या माणसाने आक्षेपार्ह काही टाकलं, तर दोघांचा आधीपासून मिळून बेत नसेल तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. बदनामीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं ३५६. पण त्याचा पहिलाच अपवाद, लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट. वहिनींकडे शिक्क्याची पावती होती. आणखी काय पाहिजे?

आता पुढचं ऐका. शुक्रवारी त्याच ग्रुपवर, जिथे वहिनींना लिहायची सोय उरली नव्हती, दुसऱ्या एका ॲडमिनने एक ऑडिओ टाकला. "पोरं पळवणारी टोळी आली आहे, बहुरूपी, भिक्षेकरी दिसले की सोडू नका." वर दोन बाणांची खूण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला. तो कुणी काढला नाही. कुणाचा फोन आला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी हा ऑडिओ ऐकून गप्प बसू नये. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजारात भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेपर्यंत मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी आधीच सगळीकडे भीती भरून ठेवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. घबराट पसरवणाऱ्या अफवेसाठी कायदा आहे, न्याय संहितेचं ३५३, आणि तो जिवंत आहे. पण आमच्या ग्रुपवर कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. मेलेल्या कलमाचं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

यावर काही जण म्हणतात, मेसेज मुळात कुणी सुरू केला ते कंपनीने शोधून द्यावं. २०२१ च्या आयटी नियमांत तशी तरतूद आहे आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेलं आहे. मला तो रस्ता पटत नाही. अफवेचा उगम शोधायला प्रत्येकाच्या मेसेजचं कुलूप सैल करावं लागणार असेल, तर पावती टाकणाऱ्या वहिनीही त्याच वाटेने सापडतील, आणि त्यांना शोधायची घाई असलेली माणसं जास्त असतील. तो ऑडिओ पुढे ढकलणारा प्रत्येक जण आपल्या ओळखीचा आहे. त्याला नावाने विचारता येतं.

मी विचारलं. ज्यांनी टाकला त्यांच्या दारात जाऊन राईनपाड्याचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग माझ्यासमोरच ऑडिओ काढला. रविवारी काकांकडे २०१५ च्या आणि नागपूरच्या निकालाची बातमी झेरॉक्स करून नेली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, नागपूरच्या बातमीखाली पेनाने रेघ मारली आणि ग्रुप सगळ्यांसाठी परत खुला केला.

वहिनींसोबत बसून १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तो त्यांनी पावतीच्या मागे लिहून ठेवला. ग्रुपवर मात्र त्यांनी अजून लिहिलेलं नाही. काल विचारलं तर म्हणाल्या, "नको हो ताई. परत फोन आला तर घरी ह्यांना काय सांगू?"