‘सगळे दात काढा, कवळी बसवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दातांबद्दलचा एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा: दात दुखत नसेल तर डॉक्टरकडे फिरकू नका. क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात. एखादी दाढ गेली तर तिच्या जागी काही बसवायची गरज नाही. पन्नाशीनंतर त्रास सुरू झाला की सगळे दात एकदाच काढून कवळी बसवा, कायमची कटकट मिटते. इम्प्लांटच्या (जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, त्यावर दात) नादी लागू नका, शुगरवाल्यांना तो चालत नाही आणि पुढे एमआरआयही करता येत नाही. दात बसवायचाच तर बाजारात अर्ध्या तासात बसतो, दवाखान्याच्या फेऱ्या कशाला?

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. पहिला मात्र जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

“दुखत नसेल तर जाऊ नका”

दाताचं वरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल. त्यात नस नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच कळत नाही. ती आतल्या डेंटिनमध्ये उतरली की गार आणि गोड झोंबायला लागतं. रात्री झोपेतून उठवणारी कळ येते तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडलेली असते. आधी सिमेंट भरून भागलं असतं, तिथे आता रूट कॅनॉल आणि वर कॅप लागते. दोन दाढांच्या फटीतली कीड तर डॉक्टरांच्या आरशातही पटकन दिसत नाही. त्यासाठी दातांमध्ये फिल्म चावून धरायचा ‘बाइटविंग’ एक्स-रे काढतात. या छोट्या एक्स-रेचं रेडिएशन आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतं त्याच्याच आसपास असतं, तेव्हा ती धास्ती घेऊ नका.

पण तपासणी किडीपुरती नसते. आपल्या शहरात विड्या वळणारे हात हजारो आहेत, घराघरांत मिश्रीची डबी आहे आणि गालात मावा धरून काम करणारेही कमी नाहीत. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखेपर्यंत थांबायचं म्हणजे तो वाढेपर्यंत थांबायचं.

ही तपासणी पाचेक मिनिटांची असते. कवळी असेल तर आधी काढायला लावतात. ओठ उलटवून आतली बाजू बघतात, मग दोन्ही गाल आणि अक्कलदाढेच्या मागची जागा. जीभ बाहेर काढायला सांगून तिचं टोक गॉजच्या तुकड्यात धरतात, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढून तिच्या कडा अगदी मागपर्यंत तपासतात. मग जीभ टाळूला लावायला सांगून खालचा भाग, नंतर टाळू, आणि शेवटी जबड्याखाली आणि मानेत बोटांनी गाठी चाचपतात. तुमच्या डॉक्टरांनी जीभ धरून बाजूला ओढली नसेल, तर “कडाही बघा” असं सरळ सांगा. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा या नेमक्या धोक्याच्या जागा आहेत.

बघायचं असतं ते हे: पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा), कडा टणक झालेली जखम, आणि गालाच्या आत बोटाला लागणारे ताठ पांढरट पट्टे. हे पट्टे सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांत येतात आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांत घालून बघा. पूर्वी जात होती आणि आता जात नसतील, तर तिखट जेवण तोंडाला लागायची वाट न बघता दाखवा. जखम एखाद्या टोकदार दातामुळे झाली असेल तर तो दात घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतात. तरीही भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. या भीतीपायी तीन-चार महिने घरी हळद लावत बसणं मात्र महागात पडतं.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे.

“क्लीनिंगने दात हलतात”

हा गैरसमज का टिकून आहे ते समजण्यासारखं आहे, कारण लोकांना जाणवतं ते खोटं नसतं. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला जातो.

दातांवरचा मऊ चिकट थर वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचं दगडासारखं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच आहेत. कीटण हिरडीखाली सरकतं, हिरडी सुजते, ब्रशला रक्त लागतं, आणि दाताला धरून ठेवणारं हाड आतून झिजत जातं. दात तेव्हाच सैल झालेला असतो. पण शेजारशेजारचे दात कीटणाने एकमेकांना जखडलेले असल्यामुळे ते जाणवत नाही. कीटण निघालं की सैलपणा उघडा पडतो आणि सूज उतरल्यामुळे दातांत फटीही दिसतात.

क्लीनिंगचं मशीन दात खरवडत नाही. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्याने कीटण सुटून पडतं, पाणी चालू असतं ते टोक तापू नये म्हणून. पुढे काही दिवस, क्वचित दोनेक आठवडे, गार पाणी झोंबतं, कारण इतके दिवस झाकलेलं मूळ उघडं झालेलं असतं. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरली की ते कमी होतं.

खरा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तो वेगळाच: “हिरडीचं माप घेतलं का?” मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते, प्रोब. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून बघतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ४ किंवा जास्त असेल आणि रक्तही येत असेल, तर वरवरच्या क्लीनिंगने भागणार नाही, मुळापर्यंतची सफाई लागते. हे माप न घेता “सगळे दात गेलेत, काढून टाका” असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

“एक दाढ गेली तर बसवायची गरज नाही”

अर्धा खरा मुद्दा हाच. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी काही बसवत नाहीत. सगळ्यात मागची दाढ गेली आणि बाकी दात वर-खाली नीट जुळत असतील, तर तशीच सोडणंही चालतं. जागतिक आरोग्य संघटना निदान २० नैसर्गिक दात टिकावेत असं म्हणते, सगळेच्या सगळे असलेच पाहिजेत असं नाही.

मधली दाढ गेली तर गोष्ट वेगळी. मागची दाढ त्या फटीत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्याने लांबत येते, आणि कललेल्या जागी अन्न अडकून शेजारचा दात किडतो. शिवाय हाड आटतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून बसवायचा की नाही हे दात काढण्याच्या आधी ठरवायचं. पाच वर्षांनी आलात तर हाड भरावं लागतं, लांबलेली दाढ कापावी लागते, आणि खर्च वाढतो तो याच कामांचा.

“सगळे काढा, कवळी बसवा, कटकट मिटेल”

कवळी वाईट नाही. दात खरोखरच वाचण्यासारखे नसतील तर ती माणसाला पुन्हा जेवता-बोलता करते. पण धड असलेले दात काढून ती बसवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा राहते. आपल्याकडची कडक भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय जाणार नाही, आणि शेंगाचटणीचे कण कवळीखाली शिरून हिरडीला टोचणार. वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालच्या कवळीला जेमतेम निम्मी जागा मिळते, वर जिभेचा धक्का सतत. आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट वेगाने झिजतं. म्हणून “खालची बसतच नाही” ही तक्रार येते, ती दर वेळी बनवणाऱ्याच्या चुकीची नसते.

‘कायमची’ म्हणाल, तर हाड झिजत राहतं आणि कवळी आहे तशीच राहते. काही वर्षांनी ती आतून भरून घ्यावी लागते, पुढे नवी करावी लागते. ढिली कवळी चिकट पावडर लावून रेटली तर तिच्या काठाने हिरडीवर जखमा होतात, आणि जुन्या जखमेला “कवळी लागते” म्हणून सोडून देणाऱ्यांत कॅन्सर उशिरा सापडतो. म्हणजे एकही दात नसलेल्या माणसालाही वर्षातून एकदा तोंड दाखवायचंच आहे.

यापेक्षा बरा मार्ग बहुतेकांना उपलब्ध असतो. भक्कम दात ठेवायचे, वाचण्यासारखे नसलेले दात काढायचे आणि उरलेल्यांना धरून अर्धी कवळी किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावरचा पक्का दात) करायचा. सगळे गेलेच असतील, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. ती उचकत नाही, आणि पूर्ण फिक्स दातांपेक्षा खर्चही पुष्कळ कमी येतो.

कवळी असणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. कोरडी पडली किंवा उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो. टूथपेस्टने घासू नका, चरे पडून त्यांत बुरशी धरते; मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. टोचते म्हणून घरी कानशीने घासू नका. आणि टोचणारी जागा दाखवायला जाताना आदल्या दिवशी ती घालून जेवा, म्हणजे हिरडीवर लाल खूण उमटलेली असते आणि नेमकं तेवढंच घासता येतं.

“इम्प्लांट शुगरवाल्यांना चालत नाही, एमआरआय होत नाही”

इम्प्लांट टायटॅनियमचा असतो. चुंबक त्याला ओढत नाही, एमआरआय करता येतो, जबड्याजवळची प्रतिमा थोडी धूसर येते इतकंच. कवळीत चुंबक बसवलेले असतील तर ती काढून ठेवायची आणि हाडातल्या भागाबद्दल तंत्रज्ञाला आधी सांगायचं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, आणि तो रुग्ण २००६ मध्ये वारला तोपर्यंत ते काम देत होते.

शुगर ताब्यात असेल तर इम्प्लांट होतो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) सातच्या आसपास असलं तर सहसा अडत नाही. नऊ-दहा असेल तर आधी ते खाली आणा, जखम भरण्याचा प्रश्न आहे. शुगरपेक्षा जास्त घात करते ती तंबाखू. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर दात काढण्याआधीच सांगा, कारण अशांच्या जबड्याचं हाड जखमेच्या जागी उघडं पडून सडू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

फसतं कुठे? हाड न मोजता बसवलेला इम्प्लांट खालच्या जबड्यातल्या नसेला लागला तर ओठ बधिर राहतो. नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखायचं असतं, म्हणून मागच्या भागात सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्री-डी एक्स-रे, मागतात. ड्रिल तापलं तर भोवतीचं हाड मरतं, म्हणून सलाइनची धार चालू ठेवतात. हाडाने इम्प्लांट धरायला खाली साधारण तीन महिने आणि वर चार ते सहा महिने लागतात. “तीन दिवसांत फिक्स” ही जाहिरात वाचली तर किती इम्प्लांट, कोणत्या कंपनीचे, आणि पक्के दात कधी, हे लेखी मागा. इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावून घ्या, दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर त्यावरूनच योग्य भाग मिळतो.

“बाजारात अर्ध्या तासात बसतो”

बसतो, पण कसा ते पाहा. शेजारच्या दातांना तार गुंडाळतात किंवा थेट हिरडीवर आपोआप कडक होणारं ॲक्रिलिक ओततात. ते घट्ट होताना गरम होतं आणि हिरडी भाजते. ते काढता येत नाही, त्यामुळे त्याखाली साफ होत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत ज्या चांगल्या दातांना ते धरलं तेही सैल होतात. दवाखान्यात कवळीला पाच-सहा फेऱ्या लागतात त्या पहिलं माप, त्यावरून तुमच्यापुरता बनवलेला ट्रे, पक्कं माप, वर-खालच्या जबड्यांची उंची, मेणावर दात लावून बघणं आणि शेवटी कवळी देणं यासाठी. मेणाच्या टप्प्यावर आरसा मागा आणि घरचं माणूस सोबत न्या, दात लांब वाटत असतील तर बदलायची वेळ तीच. खर्चाची अडचण असेल तर सोलापुरातल्या केगावचं दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत फेऱ्या जास्त होतात, पण काम खासगीपेक्षा स्वस्तात होतं. उपचार करणारा नोंदणीकृत आहे का, हे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं.

असा बाजारातला दात आधीच बसवलेला असेल तर तो पकडीने ओढू नका, शेजारचा दात सोबत येईल. दवाखान्यात तो ड्रिलने तुकडे करून काढतात, शेजारच्या दातांचा एक्स-रे घेतात आणि हिरडी भरायला काही आठवडे देऊन मगच नवं माप घेतात.