मृत्युशय्येवर न दिलेली कबुली

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या महिन्यात तिच्या नऊ वर्षांच्या मुलाची गोळी परस्पर बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही आणि घरातही कोणाला सांगितले नाही. कारण विचारल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका ज्येष्ठ नातेवाइकांनी पाठवलेला तो लांबलचक मजकूर होता. तो याआधी इतर दोन गटांवरही मी पाहिला होता आणि दुर्लक्ष करून पुढे गेलो होतो. त्या दुर्लक्षाचे मला आता वाईट वाटते. मजकुराचा गोषवारा असा: एडीएचडी (लक्ष टिकत नाही आणि अतिचंचलता असते अशी मुलांमधली स्थिती) हा आजारच नाही, तो शोधणाऱ्या अमेरिकी डॉक्टरने मृत्युशय्येवर ‘हा बनावट आजार आहे’ अशी कबुली दिली, त्याचे निदान करणारी रक्ततपासणी नाही की स्कॅन नाही, फ्रान्समध्ये हा आजार आढळत नाही, मुलांना देतात ती गोळी म्हणजे कोकेनच, खरे कारण साखर आणि मोबाइल, तेव्हा गोळी आजच बंद करा आणि मुलाला शिस्त लावा.

बहिणीवर सर्वांत जास्त परिणाम कबुलीच्या वाक्याने केला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्यांच्या नावावर ही कबुली खपवली जाते ते डॉ. लिऑन आयझेनबर्ग ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिओ कॅनर या नामवंत बालमानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली तयार झालेले आणि पुढे हार्वर्डमध्ये अध्यापन केलेले ते मोठे बालमानसोपचारतज्ज्ञ होते. सप्टेंबर २००९ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले. ‘डेअर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाचे पत्रकार यॉर्ग ब्लेख त्यांना मृत्यूच्या सात महिने आधी, अमेरिकेतील केंब्रिज येथील त्यांच्या राहत्या घरी भेटले होते आणि त्या भेटीचा उल्लेख असलेला लेख फेब्रुवारी २०१२ मध्ये छापून आला. म्हणजे मृत्युशय्या नाही आणि कबुलीजबाबही नाही. एका वयोवृद्ध डॉक्टरशी झालेले ते बोलणे होते. एडीएचडी हे बनवलेल्या आजाराचे ठळक उदाहरण आहे, अशा अर्थाचे वाक्य त्या लेखात त्यांच्या तोंडी आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्याच ठिकाणी पुढे ते काय म्हणतात, ते या मजकुरातून कापून टाकलेले आहे. या आजारातील आनुवंशिकतेचा वाटा फार वाढवून सांगितला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी मुलाच्या वागण्यामागची घरातली कारणे शोधावीत, आईवडिलांशी भांडणे होतात का, ते दोघे एकत्र राहतात का, कुटुंबात काही बिघडले आहे का, हे विचारावे; पण या प्रश्नांना वेळ लागतो आणि गोळी लिहून देणे झटपट होते, अशी त्यांची तक्रार होती. मुलाला पुरेसा वेळ द्या, असे सांगणाऱ्या माणसाचे नाव मुलाला डॉक्टरकडे नेऊच नका, असे सांगण्यासाठी वापरणे हा मला या मजकुराचा सर्वांत मोठा अपराध वाटतो.

शिवाय आयझेनबर्ग यांनी हा आजार शोधला, हेच मुळात खरे नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली ती १९०२ मध्ये, आणि आयझेनबर्ग यांचा जन्म १९२२ चा. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७९८ मध्ये, अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने एका गोष्टीवर लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांचे वर्णन केलेले आहे. स्टिल यांनी या स्थितीला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटले होते. पुढे तिला मेंदूची सूक्ष्म इजा म्हटले गेले, १९६८ मध्ये बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया, १९८० मध्ये लक्षन्यूनता, आणि १९८७ पासून आजचे नाव रूढ झाले. नाव बदलले म्हणून आजार खोटा, असे कोणी म्हणत असेल तर राजयक्ष्म्याचा क्षय झाला आणि क्षयाचा टीबी झाला, तेव्हा रोग्यांचा खोकला खोटा होता का, याचा विचार करावा. या नावांच्या प्रवासात मला महत्त्वाची वाटते ती दिशा: मुलाच्या नीतीला लावलेला बट्टा शंभर वर्षांत हळूहळू पुसला गेला. आमच्या गटावरचा मजकूर तो पुन्हा लावू पाहतो.

आनुवंशिकतेबद्दल आयझेनबर्ग यांचे मत पुढच्या संशोधनाने टिकू दिले नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या स्थितीतील आनुवंशिक वाटा सुमारे ७४ टक्के दिसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात तिच्याशी निगडित जनुकसंचातील २७ जागा सापडल्या, आणि त्या पाहायला आयझेनबर्ग हयात नव्हते. ज्यांना एकच संदर्भ वाचायचा असेल त्यांनी जागतिक एडीएचडी महासंघाचे २०२१ चे सहमतीपत्र वाचावे, असा माझा आग्रह आहे. २७ देशांतील ८० संशोधकांनी त्यात २०८ विधाने मांडली आहेत आणि प्रत्येक विधानामागे दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास किंवा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण असलेच पाहिजे, अशी अट स्वतःवर घालून घेतली आहे. त्यांच्या मते जगभरात सुमारे ५.९ टक्के मुलामुलींमध्ये ही स्थिती आढळते. या दस्तऐवजासमोर कापलेले एक वाक्य ठेवून निर्णय करायचा नसतो.

रक्ततपासणी नाही, हे खरे आहे. अर्धशिशीसाठीही रक्ततपासणी नाही, तरी तिने आडवा पडलेला माणूस ढोंग करतो असे आपण म्हणत नाही. एडीएचडीच्या निदानाला कसोट्या आहेत आणि त्या सैल नाहीत. लक्ष न लागण्याच्या किंवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे किमान सहा महिने दिसावी लागतात, त्यांची सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली असावी लागते, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात, आणि त्यांच्यामुळे मुलाचे रोजचे जगणे प्रत्यक्ष अडलेले असावे लागते. माझ्या भाच्याच्या पहिल्या तपासणीला दीड तास लागला होता. घरात कोण कोण आहे, भांडणे होतात का, तो झोपतो कधी, जेवतो किती, हे सगळे विचारले गेले, आणि आईसाठी एक, वर्गशिक्षिकेसाठी एक अशा दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. आयझेनबर्ग यांना हवे होते ते प्रश्न आमच्या तालुक्याच्या गावी विचारले गेले होते.

फ्रान्सचा मुद्दा थोडक्यात संपतो. तिथे गोळ्या कमी दिल्या जात, म्हणून अशी मुलेच नाहीत असा अर्थ काढला गेला. सहा ते बारा वर्षांच्या फ्रेंच मुलांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३.५ ते ५.६ टक्के आढळले आहे. साखरेबद्दलचे प्रयोग १९९५ मध्ये एकत्र तपासले गेले आणि साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही, असेच दिसले. काही कृत्रिम खाद्यरंगांनी मुलांची चंचलता थोडी वाढते, असे ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या २००७ च्या प्रयोगात दिसले होते आणि युरोपात त्या रंगांवर इशारा छापावा लागतो, एवढे मान्य करतो. मोबाइलने झोप आणि एकाग्रता बिघडते हेही मान्य. पण १९०२ मधल्या मुलांकडे मोबाइल नव्हता.

एक गोष्ट मात्र मला मनाविरुद्ध का होईना कबूल केली पाहिजे. अमेरिकेत या निदानाची घाई होते, या म्हणण्यात तथ्य आहे. तिथे २०२२ मध्ये ३ ते १७ वयोगटातील ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेले होते. जिथे शाळाप्रवेशासाठी वयाची तारीख १ सप्टेंबर आहे, अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असणाऱ्या मुलांना, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा हे निदान ३४ टक्के अधिक मिळते, असे २०१८ च्या हार्वर्डच्या अभ्यासाने दाखवले. वयाने लहान असणे हा आजार नव्हे, आणि तिथे काही मुलांच्या बाबतीत नक्कीच गल्लत झाली आहे. सहा वर्षांखालील मुलांना आधी गोळी देऊ नये, आधी पालकांना प्रशिक्षण द्यावे, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेच मार्गदर्शन आहे. पण या चुकीचा उपाय म्हणजे अधिक काळजीपूर्वक निदान. शिवाय ती चूक आपल्याकडे आणून लावताना आपली परिस्थिती नेमकी उलटी आहे, हेही पाहिले पाहिजे: इथे अशा मुलाला बहुतेक वेळा निदानच मिळत नाही. त्याला ‘द्वाड’, ‘उनाड’, ‘अक्कलशून्य’ ही विशेषणे मिळतात आणि तो वर्गाबाहेर उभा राहतो.

आता कोकेन. मुलांना देतात त्या गोळीतले मेथिलफेनिडेट हे औषध मेंदूतील डोपामिन या रसायनावर काम करते आणि कोकेनही करते, एवढ्या एका धाग्यावर हा आरोप लटकलेला आहे. तोंडाने घेतलेली ठरावीक मात्रा मेंदूत सावकाश पोहोचते आणि काही तासांत उतरते. नशा देते ती झटकन चढणारी लाट, आणि ती इथे नसते. लहानपणी हे औषध घेतल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत दिसलेले नाही. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, उंची थोडी कमी भरू शकते, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात. डॉक्टर हे सगळे सांगतात आणि दर भेटीत वजन-उंची मोजतात. काही वर्षांनी या औषधाचा इतर उपचारांवरचा वरचष्मा ओसरलेला दिसतो, असे अमेरिकेतील ५७९ मुलांच्या प्रसिद्ध अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात आढळले, हेही लपवण्याचे कारण नाही. दुसरीकडे, स्वीडनमधील १,४८,५७८ व्यक्तींच्या नोंदींवरून २०२४ मध्ये असे दिसले की निदानानंतर औषध सुरू केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते, आणि ही घट विशेषतः अपघात, विषबाधा अशा अनैसर्गिक मृत्यूंमध्ये होती. तो नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. तरीही तो डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

बहिणीची भीती मला डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीमुळे समजली. भारतात हे औषध अनुसूची ‘एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्याने बहुतेक दुकानांत ते मिळतच नाही. चार दुकाने फिरून, पाचव्या ठिकाणी नाव-पत्ता लिहून दिल्यावर औषध हातात येते, तेव्हा ‘एवढ्या बंदोबस्तातली गोळी म्हणजे विषच असणार’ असे आईला वाटणे स्वाभाविक आहे. हा मजकूर नेमका त्या भीतीवर येऊन पडतो. तो बंदोबस्त औषध चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून आहे. ज्या मुलाला ते तपासून दिले आहे, त्याच्याविरुद्ध नाही.

‘गोळी बंद करा, शिस्त लावा’ हे शेवटचे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याचा परिणाम मी पाहिला आहे. गोळी बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा चेंडूमागे थेट रस्त्यावर धावला. दुचाकीस्वाराने वेळेवर ब्रेक लावला म्हणून गुडघा फुटण्यावर निभावले. त्याला रागावल्यावर त्याने मला विचारले, “मामा, आजोबांनी वाचून दाखवलं की हा आजार खोटा आहे. मग मी हे सगळं मुद्दाम करतो का?” तो मजकूर घरात मोठ्याने वाचला गेला होता आणि ज्याच्याबद्दल तो होता, तो शेजारी बसून ऐकत होता, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

शिस्तीला माझा विरोध नाही. या मुलांना ती इतरांपेक्षा जास्त लागते. पालकांच्या प्रशिक्षणात शिकवतात ती शिस्त म्हणजे एका वेळी एकच सूचना, ती डोळ्यांत पाहून आणि थोड्या शब्दांत. केलेल्या कामाचे कौतुक त्याच क्षणी. रोजचा क्रम ठरलेला आणि समोर दिसणारा. फटके त्यात नाहीत, कारण ज्या मुलाला पुढच्या क्षणाचा विचार करणेच जड जाते, त्याला फटक्याची आठवण वेळेवर येत नाही. बहिणीने डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू केली आहे. भूक मरू नये म्हणून ती आता पोटभर न्याहारीनंतर दिली जाते आणि रात्रीचे जेवण थोडे उशिरा वाढले जाते. त्याच्या आजीने दाराजवळ एक पाटी टांगली आहे. तिच्यावर रोज सकाळी ती चारच शब्द लिहिते: डबा, बाटली, वही, ओळखपत्र. एकेक वस्तू दप्तरात गेली की तो शब्द त्याने स्वतःच्या हाताने पुसायचा असतो.