खुलासा : क्यूनंतर यू नसलेले पाच अक्षरी शब्द आहेत

जळगाव-धुळ्याकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘पाच अक्षरी इंग्रजी शब्दात क्यू आला की पुढे यू येतोच, अपवाद नाही.’ हे चूक आहे.

क्वीन, क्विक यांचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, म्हणून तिथे यू. अरबीतलं ‘काफ’ हे अक्षर मात्र नुसत्या क्यूने लिहितात. आपल्याला जवळचं उदाहरण कनात (क्यू-ए-एन-ए-टी) : डोंगराकडचं भूजल हलक्या उताराने गावापर्यंत आणणारा भुयारी कालवा, वर हवेसाठी आणि गाळ काढायला ओळीने कुंड्या. जुन्या खानदेशच्या राजधानीतला, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच पद्धतीचा. शिवाय निकाब (एन-आय-क्यू-ए-बी), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), किब्ला (क्यू-आय-बी-एल-ए), म्हणजे नमाजाची दिशा.

बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए) फसवा आहे. त्यात यू आहे, पण क्यूच्या आधी. ‘यू नसलेला शब्द’ विचारला तर तो बाद. कतार देशाचं स्पेलिंगही पाच अक्षरी, पण विशेषनाम स्क्रॅबलमध्ये (पटावर अक्षरं लावून शब्द जुळवायचा खेळ) चालत नाही. तिथे एकट्या क्यूला 10 गुण असतात, म्हणून यू हाती नसेल तर कनात लावा : 14 गुण, पटावरच्या खास चौकटींचे जादा गुण वेगळे.