‘घरीच तर असते’ असं म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय एकच असतो. आजच्या गृहिणीला काम असतं कुठे? धुणं मशीन करतं, भांड्यांना बाई आहे, कंटाळा आला की बाहेरून जेवण येतं. आमच्या आईने जात्यावर दळलं, विहिरीवरून पाणी आणलं, पाच मुलं वाढवली आणि कधी तोंडातून शब्द काढला नाही. आजची बाई दिवसभर मोबाईल घेऊन बसते, वर ‘ताण आहे’ म्हणते. नवरा बाहेर राबतो म्हणून घर चालतं. मुलांचं बालपण डोळ्यांसमोर बघायला मिळतंय, आणखी काय हवं तिला?

मी दोन मुलांची आई आहे. नोकरी सोडून घर सांभाळते. हा मेसेज पाठवणारे बहुतेक जण दुष्ट नाहीत, त्यांना मनापासून तसंच वाटतं. म्हणूनच त्यातलं एकेक विधान तपासून उत्तर द्यायला हवं.

आधी यंत्रांचं बघू. अंगमेहनत कमी झाली, हे शंभर टक्के खरं आहे. गॅसने चुलीचा धूर घालवला, मिक्सरने पाटा-वरवंटा सुटला. पण कपडे मशीन धुतं म्हणजे नेमकं काय होतं? खिसे तपासणं, रंग जाणारे कपडे वेगळे काढणं, शाळेच्या शर्टाची कॉलर हाताने घासणं, दोरीवर घालणं, पाऊस आला की धावत काढणं, जुलैत घरभर दोऱ्या बांधणं, घड्या घालणं, इस्त्रीवाल्याला मोजून देणं आणि मोजून घेणं, हे सगळं माणूसच करतं. शिवाय चार कपड्यांवर वर्ष काढणारी पोरं आता नाहीत. शाळेचा गणवेश, पीटीचा गणवेश, क्लासचे कपडे, रात्रीचे कपडे, एकाच दिवसात एका मुलाचे तीन जोड धुवायला पडतात.

यंत्रांमुळे वेळ वाचतो का, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. जोअन व्हानेक यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या गृहिणींच्या वेळेचा हिशोब मांडला. १९२०च्या दशकात पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती, १९६०च्या दशकात सुमारे ५५ तास. मधल्या काळात घरोघरी वॉशिंग मशीन आणि फ्रिज आले होते. कामाचं रूप बदललं, अपेक्षा वाढल्या, तास तिथेच राहिले. आपल्याकडचे आकडे सरकारनेच मोजलेले आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि असं काही काम करणारे पुरुष होते २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२४ला पुन्हा मोजलं तेव्हा २८९ आणि ८८ मिनिटं निघाली. मुलांची आणि आजारी माणसांची काळजी यात धरलेलीच नाही, ती वेगळ्या रकान्यात आहे.

आणि मिनिटांत न मावणारं एक काम आहे, लक्षात ठेवण्याचं. सिलिंडर कधी लावला, तूरडाळ किती उरली, धाकटीची पुढची लस कधी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या शनिवारी संपतात आणि रविवारी दुकान बंद असतं, मोठ्याच्या शाळेत उद्या तपकिरी पुठ्ठा न्यायचा आहे आणि हे त्याने रात्री साडेनऊला सांगितलंय. शाळेच्या डब्यात छोट्या सुट्टीला काय, मोठ्या सुट्टीला काय, आणि काल परत आलेल्या भेंडीचं काय. घरातलं कोणी मदतीला उभं राहिलं तरी पहिला प्रश्न असतो, ‘काय करू ते सांग.’ ठरवणं, आठवणं आणि चुकलं तर उत्तर देणं तिच्याकडेच राहतं. हातांवरचा भार हलका झाला तो डोक्यावर आला, आणि डोक्यावरचा भार दिसत नसल्यामुळे असे मेसेज लिहिता येतात.

आता पाच मुलं वाढवणाऱ्या आईबद्दल. तिच्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण ती पाच मुलं तिने एकटीने वाढवली नव्हती. घरात सासू होती, जाऊ होती, बहुतेक वेळा एखादी विधवा आत्या होती, जिला घरात दुसरं स्थानच नव्हतं. आणि सगळ्यांत मोठा वाटा थोरल्या मुलीचा होता. नऊ-दहा वर्षांची ती पोर धाकट्याला काखेत मारून फिरायची, त्यासाठी तिची शाळा सुटायची. मेसेज लिहिणाऱ्यांनी घरातल्या थोरल्या मावशीला किंवा आत्याला विचारावं, तुमची शाळा कितवीला सुटली आणि का. आज ते काम मुलीवर टाकत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण मग ते काम कोणाकडे आलं? फ्लॅटचं दार लावून घेतलं की आत एक बाई आणि दोन मुलं उरतात. दोन मिनिटं बाळ धरायला कोणी नसतं, म्हणून बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत.

‘तोंडातून शब्द काढला नाही’ हे तर साफ खोटं आहे. त्या बोलत होत्या, ऐकायला कोणी थांबत नव्हतं. पहाटे जात्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलंय. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, मूल गेल्याचं दुःख, कामाने मोडलेली कंबर, सगळं ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून, बरोबरच्या कार्यकर्त्यांच्या साथीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! जिने कधी तक्रार केली नाही असं आपण म्हणतो, तिच्या बोलण्याचा हा साठा आहे. ज्यांना ओवीतही सांगता आलं नाही, त्यांच्या अंगात यायचं. आणि काहींनी विहीर जवळ केली. जुन्या माणसांना विचारलं तर ‘अमक्याची सून या विहिरीत गेली’ ही गोष्ट बहुतेक गावांत ऐकायला मिळते. नैराश्य हा शब्द त्या बायकांना ठाऊक नव्हता, यावरून ते त्यांना होत नव्हतं असं कसं म्हणता येईल?

आजही ते होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रत्येकीचं कारण वेगळं असेल. पण हा आकडा वाचल्यावर ‘हिला कसला आलाय ताण’ हे वाक्य कोणाच्या तोंडी येऊ नये. ज्यांना एकटीला हे पेलवत नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. त्या मेसेजऐवजी हा क्रमांक पुढे पाठवा.

मोबाईलबद्दल थोडक्यात. वर्गाचा ग्रुप, व्हॅनवाल्या काकांचा ग्रुप, गृहपाठाचे फोटो, गॅसची नोंदणी, वीजबिल, डॉक्टरांची वेळ, किराण्याची यादी, गावाकडच्या आईचा व्हिडिओ कॉल, सगळं आता त्यातच आहे. हो, दुपारी मुलं झोपल्यावर अर्धा तास रील्सही बघते. ऑफिसातली माणसं टपरीवर चहाला जातात, त्याला कोणी लोळणं म्हणत नाही.

मुलांचं बालपण बघायला मिळतं, हे मात्र मी खोडणार नाही. ते या सगळ्यातलं सर्वांत खरं वाक्य आहे. दुपारी साडेबाराला व्हॅनमधून उतरल्या उतरल्या मूल जे सांगतं, ते संध्याकाळी सात वाजता सांगत नाही. तोपर्यंत ते विसरलेलं असतं किंवा गप्प झालेलं असतं. कोणी डबा खाल्ला, कोणी धक्का दिला, बाईंनी कोणाला शाबासकी दिली, हे सगळं गरम गरम ऐकायला मी तिथे असते. धाकटीने दुकानावरची पाटी पहिल्यांदा अक्षर लावून वाचली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. ताप उतरल्यावर मूल पहिल्यांदा भूक लागली म्हणतं, त्या वेळचा मऊ भात मी कालवलेला असतो. दुपारी घर शांत झाल्यावर एकटीने घेतलेला चहा, शेजारणीबरोबर गच्चीवर घातलेल्या कुरडया, महिन्याच्या भिशीतलं हसणं, हेही माझ्या वाट्याला येतं आणि मला ते हवं असतं. घरी राहण्याचा निर्णय मी रडत घेतलेला नाही.

पण आनंद मिळतो म्हणून ते काम नाही, हे मला मान्य नाही. शिक्षकाला शिकवण्यात आनंद मिळतो, डॉक्टरला रोगी बरा झाल्याचं समाधान मिळतं. त्यांना कोणी म्हणत नाही की समाधान मिळालंय ना, मग पगार कशाला. आईच्या बाबतीतच प्रेम आणि काम यांतलं एकच निवडायला का लावतात? पोळी लाटताना प्रेम असतंच, आणि पाठही दुखते.

शेवटचं विधान, नवरा राबतो म्हणून घर चालतं. नवरा राबतो, हे खरं. त्याच्या लोकलच्या गर्दीची, त्याच्या साहेबाच्या बोलण्याची मला जाणीव आहे. घर त्याच्या पगाराने चालतं आणि माझ्या कामानेही चालतं. दुसरा भाग दिसत नाही, कारण हिशोबाची पद्धतच तशी आहे. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना मी पैसे देते, ते देशाच्या उत्पन्नात मोजायचं काम ठरतं. त्याच मावशी घरी जाऊन स्वतःची भांडी घासतात, ते कुठेच मोजलं जात नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब मांडला तेव्हाच गृहिणींचं काम बाहेर ठेवलं होतं, आणि ते बाहेर ठेवलंय हे त्यांनी स्वतः नमूदही केलं होतं. जगभर ते आजही बाहेरच आहे.

न्यायालयांनी मात्र वेळोवेळी हा हिशोब मांडून दाखवलाय. २०१०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने जनगणनेवर बोट ठेवलं, कारण २००१च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांबरोबर ‘काम न करणाऱ्यां’च्या गटात टाकलं होतं. जानेवारी २०२१मध्ये, दिल्लीतल्या अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या भरपाईच्या खटल्यात न्या. एन. व्ही. रमणा यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. गृहिणी काम करत नाही किंवा घराच्या मिळकतीत भर घालत नाही ही समजूत चुकीची आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि वर दिलेल्या २९९ मिनिटांचाच आधार घेतला. २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही समान वाटा आहे, असं त्याने मान्य केलं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी अगदी साधी गोष्ट लिहिली. कमाई नसलेल्या बायकोला नवऱ्याने आर्थिक आधार द्यावा, संयुक्त खातं उघडावं, तिच्या हाती एटीएम कार्ड असावं.

ते वाचताना मला आमच्या इमारतीतल्या कितीतरी जणी आठवल्या. सकाळच्या घाईत ‘शंभर रुपये द्या ना’ म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. भाजीच्या पैशांतून वाचवलेलं डब्यात ठेवलं जातं, आईच्या औषधासाठी किंवा भावाच्या लग्नातल्या आहेरासाठी. स्वतःच्या दातदुखीसाठी डॉक्टरकडे जायचं तरी ‘पुढच्या महिन्यात बघू’. घरी असणाऱ्या बाईची सगळ्यांत मोठी काळजी मुलांच्या परीक्षेची नसते. उद्या काही झालं तर माझ्या नावावर काय आहे, ही असते.

आपल्याच राज्यातल्या शेतकऱ्यांनी या काळजीला पस्तीसेक वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम घेतली. घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचं देणं आपल्यावर आहे, ते थोडं तरी फेडू या, असं सांगितल्यावर कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला, तोही स्वखुशीने. फारशा शिकलेल्या नसलेल्या माणसांना जे पटलं, ते शहरातल्या सुशिक्षित ग्रुपवर का पटू नये?

२०२१पासून महाराष्ट्रात घराची नोंदणी फक्त स्त्रीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घरावर ते पन्नास हजार रुपये होतात. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी जे कोणी यंदा घर घ्यायला निघाले आहेत, त्यांनी बायकोला शेजारी बसवून हा हिशोब एकदा करावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी या महिन्यात बँकेत जाऊन खात्याला तिचं नाव जोडावं आणि कार्ड तिच्या हातात द्यावं.