चोवीस तासांची बाई

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर चौदा महिने आमच्या कोथरूडच्या घरी ब्युरोकडून, म्हणजे रुग्णसेवेसाठी बायका पुरवणाऱ्या संस्थेकडून, आलेल्या एक ताई होत्या. जनरल ड्यूटी असिस्टंटचा (रुग्णाच्या रोजच्या देखभालीचा) अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या, प्रमाणपत्र सोबत घेऊन आलेल्या. ‘प्रशिक्षित बायकासुद्धा काम नीट करत नाहीत’ ही तक्रार पुण्यात घरोघरी ऐकू येते. तिसऱ्या महिन्यात मीही ती केली होती, म्हणून हे लिहिते आहे.

वडिलांच्या टाचा गादीला टेकू नयेत म्हणून ताई पोटऱ्यांखाली उशी ठेवत. दर दोन तासांनी कूस बदलत, पण पूर्ण कुशीवर न वळवता पाठीला उशी देऊन थोडे कलते ठेवत, कारण पूर्ण कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पहिल्याच आठवड्यात माझा भाऊ आडव्या पडलेल्या वडिलांना चमच्याने पाणी पाजू लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. अशा झटक्यानंतर गिळणे बिघडू शकते आणि पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियाही होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा सर्वांना सांगितले होते. लक्षात राहिले फक्त ताईंच्या. भावाला मात्र ‘बाईने हात धरला’ एवढेच दिसले.

तिसऱ्या महिन्यात माकडहाडापाशी लाल चट्टा उठला. तो त्यांनीच मला दाखवला. बोटाने दाबून म्हणाल्या, ‘‘काकू, हा पांढरा पडत नाहीये, बेडसोरची सुरुवात आहे.’’ बेडसोर म्हणजे एकाच जागी दाब पडत राहून कातडीला होणारी जखम. मी तावातावाने ब्युरोला फोन केला आणि ब्युरोने लगेच बदली बाई देऊ केली (ती तत्परता तिथे नेहमीच असते). संध्याकाळी घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मात्र मलाच विचारले, ‘‘रात्री दोनला आणि चारला कूस कोण बदलते?’’

उत्तर अर्थातच ‘ताई’ असे होते. एअर मॅट्रेस होती, पण तिने कूस बदलण्याचे काम टळत नाही. चोवीस तासांची ड्यूटी ठरवताना त्या झोपणार कधी, हा विचार आम्ही केलाच नव्हता. उलट दुपारी वडिलांचा डोळा लागला की ‘तेवढ्या चार पोळ्या लाटून घ्या’ असे मीच सांगत असे. कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळाली. चोवीस तासांच्या बाईचा आठवडा १६८ तासांचा होतो, आणि तिच्याकडून चूक झाली की आपण तिच्या प्रशिक्षणाला नावे ठेवतो.

बदली बाई आम्ही घेतली नाही. रात्री अकरा ते पाच मी आणि भावाने आळीपाळीने वाटून घेतले, पोळ्यांना वेगळी बाई लावली आणि पलंगाला दोरीने एक वही बांधली, जिच्यात प्रत्येकाने वेळ आणि ‘उजवी, डावी, पाठ’ असे लिहायचे. दहा-बारा दिवसांत चट्टा मावळला. ताई त्याच होत्या. वहीत चुकलेल्या वेळा सापडल्या त्या बहुतेक आमच्याच पाळीतल्या, हेही कबूल करायला हवे.

ब्युरो दर महिन्याला अभिप्रायाचा एक कागद भरून घेत असे. वक्तशीरपणा, टापटीप, बोलणे-चालणे आणि मोबाइलचा वापर, एवढे त्यात होते. रुग्णाच्या कातडीविषयी किंवा काम करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या झोपेविषयी एकही रकाना नव्हता.

परवा शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंनी त्यांच्या सासूबाईंसाठी चांगली बाई सुचवा म्हणून फोन केला. रात्रीचे कोण पाहणार, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे काय, चोवीस तासांचीच हवी आहे ना!’’