शाकाहारी कमळ

आईला लक्ष्मीपूजनाला घरचं कमळ हवं होतं. गच्चीत टब आला, तळाशी काळी माती, मातीत कंद, वर पाणी. नर्सरीवाला म्हणाला, "मूठभर बोनमील घाला, फूल आलंच म्हणून समजा." बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, हे आईने पुडीवरच्या बारीक अक्षरांत वाचलं आणि पुडी आल्यापावली परत गेली. लक्ष्मीच्या आसनाला हाडं!

मग खताच्या दुकानातून रॉक फॉस्फेटची तपकिरी भुकटी आणली. हाडात काय नि त्या खडकात काय, मुख्य ऐवज कॅल्शियम फॉस्फेटच. पण दगड शाकाहारी, यावर घरात एकमत झालं.

हा खडक उदयपूरजवळ झामरकोटड्याच्या खाणीत निघतो. तिथले थर दीड अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी उथळ समुद्रात, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गालिच्यांतून तयार झाले. म्हणजे मी विकत आणली ती शेवाळाची वडिलोपार्जित इस्टेट. वारस टबात हजर होणारच होते.

तशी ही भुकटी पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणून दुकानदाराने आग्रहाने पीएसबीची बाटलीही दिली. त्यातले जीवाणू आम्ल सोडतात आणि फॉस्फेट मोकळं करतात. ते कमळासाठी, अशी आमची भाबडी समजूत. कमळ अजून एक पान उलगडतंय तोवर टबाची पुदिन्याची चटणी झाली.

शेवाळाचा हिशेब असा: फॉस्फरसच्या १ अणूमागे नायट्रोजनचे साधारण १६ आणि कार्बनचे १०६. कार्बन हवेतून फुकट. निळ्या-हिरव्यातल्या काही जाती नायट्रोजनही हवेतूनच ओढतात. अडतं ते फॉस्फरसवाचून, आणि तो पुरवायला मी बसलोय! कॅनडात १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा घालून दोन्हीकडे कार्बन-नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. हे ऐकून बायको म्हणाली, "मग आपणही पडदा घालू या. निदान पाहुण्यांना दिसणार नाही."

पाणी बदललं, तर तळाच्या गाळाने पुन्हा फॉस्फेट सोडलं. शिवाय शेवाळ सुगीत जादा फॉस्फेट पेशीतच साठवतं, आमच्या आजीसारखं. काकांनी तुरटी सुचवली. तुरटी फॉस्फेटला धरून तळाशी बसवते, हे खरं. पण पूजेच्या कमळाला दाढीची वस्तू लावायला आई राजी होईना.

उपसलेलं पाणी शेजारच्या काकू गुलाबांना घालायला नेऊ लागल्या. गुलाब नुसते फुटलेत. दिवाळीला आम्ही मंडईतून कमळ आणलं. त्या संध्याकाळी काकू बादली घेऊन दारात. "यंदा पाणी जरा फिकट येतंय हो. हल्ली काही घालत नाही का?"