प्रात्यक्षिकासाठी माझा मासा

माझ्या ताटातल्या माशाचा तुकडा एका अनोळखी गृहस्थाने, मला न विचारता, स्वतःच्या काट्याने उचलला आणि दोन गोऱ्या साहेबांना फिरवून फिरवून दाखवला. रविवारी घडलं. आज बुधवार आहे आणि मी अजून शांत झालेलो नाही.

बाणेरच्या एका नव्या हॉटेलात बायकोच्या हट्टापायी गेलो होतो. टेबल रिकामं नाही म्हणून आम्हाला एका लांबलचक सामाईक टेबलाच्या टोकाला चढवलं. चढवलं हाच शब्द बरोबर, कारण स्टुलं इतकी उंच होती की पाय लोंबकळत होते. आपल्याकडे खानावळीत समोर परका माणूस आला तर त्याच्याकडे न बघता जेवायचं असतं. तो ताक मागतो, आपण ताक मागतो, संबंध संपला. इथे मात्र समोरच परिसंवाद चालू होता.

एक साहेब इंग्लंडातल्या यॉर्कशरचा, दुसरा अमेरिकेतल्या टेक्सासचा. दोघंही चाकणच्या कुठल्याशा कारखान्यात. आणि मधोमध त्यांचे यजमान, दुभाषे व न्यायाधीश: मूळचे सदाशिव पेठेतले, बरीच वर्षं इंग्लंडात लेस्टरला काढून परत आलेले एक काका. ही सगळी माहिती मी विचारली नव्हती. काकांचा आवाज पेठेतल्या वाड्यात घडलेला, दुसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला बोलावणारा. तो लेस्टरच्या थंडीतही बसलेला नव्हता.

टेक्सासवाल्याचं दुःख बर्गरचं होतं. मधोमध गुलाबी, रसाळ, बीफचा खरा बर्गर त्याला हवा होता आणि त्याच्या पुढ्यात कोरडा ठक्क गोळा आला होता. काकांनी त्याला कायदा समजावला. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हणून इथल्या बर्गरातलं मांस म्हशीचं. त्यात चरबी कमी, मग ते कोरडं पडणारच. इथवर काका बरोबर होते हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण पुढे त्यांनी जाहीर केलं की पुण्याला बर्गर काल-परवा कळला. हे ऐकून माझा घास अडकला. अहो, कॅम्पात 'बर्गर किंग' नावाचं दुकान १९९२ पासून आहे. त्या नावाची अमेरिकन कंपनी भारतात दुकान घेऊन आली २०१४ साली. त्याआधी २०११ मध्येच तिने नावावरून दावा ठोकला होता. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला. कंपनी मग उच्च न्यायालयात गेली आणि त्याच डिसेंबरात तात्पुरती मनाई मिळवून आली, ती गोष्ट वेगळी. पण बर्गरसाठी इतकी वर्षं कोर्टात उभ्या राहिलेल्या गावाला बर्गर कळत नाही म्हणता? हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हळू बोला."

मग गाडी फिश अँड चिप्सच्या बॅटरवर, म्हणजे मासा ज्यात बुडवून तळतात त्या पिठावर आली. यॉर्कशरवाल्याचं म्हणणं, मासा हॅडॉकच हवा, कॉड नको, आणि तळायचा तो गाईच्या चरबीत. इथे होता बासा, म्हणजे व्हिएतनामकडून येणारा गोड्या पाण्यातला पंगास. त्याला स्वतःची अशी चव नसल्यामुळे तो कुठेही खपतो, कुठल्याही पक्षात जाऊ शकतो. तेही साहेबाने सोसलं असतं. पण बॅटर! बॅटर मैद्याचं, थंडगार बिअर घालून, जेमतेम ढवळलेलं हवं. बिअरमधल्या वायूचे बुडबुडे तेलात फुलतात आणि वरचं आवरण हलकं, कुरकुरीत होतं. फार ढवळलं की मैद्याला चिवटपणा येतो. टेक्सासवाला म्हणाला, हे सगळं नाटक आहे, माशाला मक्याच्या पिठात घोळवा आणि सोडा तेलात. दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा, दाखवतोच."

त्यांच्या ताटात मासा उरला नव्हता. माझ्या ताटात होता. शेपटीकडचा, पातळ, सगळ्यात कुरकुरीत तुकडा मी शेवटी खायचा म्हणून कडेला सारून ठेवला होता. काकांचा काटा टेबल ओलांडून आला.

"एक मिनिट हं," असं ते म्हणाले. मला नव्हे, साहेबांना.

तुकडा उजेडाकडे धरून त्यांनी नखाने वरचं आवरण सोललं. साहेब पुढे झुकले. "हा रंग बघा. पिवळा! म्हणजे बेसन. हे बॅटरच नाही, हे भज्याचं पीठ आहे." यॉर्कशरवाल्याने सोललेला पापुद्रा बोटांनी चुरून वास घेतला आणि मान हलवली. टेक्सासवाल्याने चुरा चाखला.

"अहो, तो माझा आहे," मी म्हणालो.

"हो हो, तुमचाच," काका म्हणाले. "तुम्हीच सांगा, लागतं का बेसन?"

"मी अजून खाल्लेला नाही."

"मग बरंच झालं, वाचलात!" आणि नागडा झालेला तो पांढरा तुकडा त्यांनी माझ्या ताटात परत ठेवला. नखाचा ठसा होता त्यावर. बायको हसत होती. तिचा चिकन बर्गर शाबूत होता, तिला काय?

परदेशात माणसाला घरचं खाणं आठवतं, हे मला कळतं. माझा मेहुणा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिथे त्याच्या मित्रमंडळींत बटाटेवड्याची पारी जाड की पातळ यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. भांडा की! पण आपापल्या ताटात हात घालून भांडा. शिवाय त्या बेसनाचा राग मला का यावा? मला तर बेसनच आवडतं. बेसनाचं म्हणूनच तो तुकडा मी राखून ठेवला होता.

बिल आलं. चिप्स एवढ्याशा पत्र्याच्या बादलीत, लहान मुलं समुद्रावर नेतात तेवढ्या, आणि दर असा की बादलीही घरी नेता येईल असं वाटावं. खाली दहा टक्के सेवा शुल्क आधीच लावलेलं. सेवा कसली? माझा मासा उचलला गेला तेव्हा वेटर मागे उभा राहून बॅटरबद्दल ऐकत होता. मी मॅनेजरला बोलावलं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की हे शुल्क बिलात परस्पर लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय, हे मी एका दमात म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक येतं." मी म्हणालो, "मग ऑटोमॅटिक जाऊ द्या." बराच वेळ आत कुजबुज झाली आणि दहा टक्के गेले.

पलीकडून काकांनी सगळं ऐकलं होतं. "आमच्याही बिलातून काढा," ते वेटरला म्हणाले. मग साहेबांकडे वळून त्यांनी इंग्रजीत भारतीय ग्राहक कायदा समजावून सांगितला: तोच प्राधिकरणाचा निर्णय, तेच उच्च न्यायालय. साल मात्र त्यांनी चुकीचं सांगितलं. यॉर्कशरवाल्याने उठून त्यांच्याशी हात मिळवला, टेक्सासवाल्याने पाठ थोपटली. मी स्टुलावरून उतरायला पाय शोधत होतो.